पाठीचें दुखणें आणि हालचालीचें औषध



पाठदुखी हा असा विकार आहे कीं, त्याच्या बाबतींत प्रत्येक घरांत एक तरी वैद्य असतोच. कोणी शेक सांगतो, कोणी तेल सांगतो, कोणी लांकडी फळीवर निजावयास सांगतो. आणि एका गोष्टीवर मात्र या सर्वांचें बहुधा एकमत असतें. ती गोष्ट म्हणजे, "आतां हालूं नका, स्वस्थ पडून रहा." हा उपदेश प्रेमाचा असतो; परंतु गेल्या चाळीस वर्षांत जें ज्ञान जमा झालें आहे, त्याच्या कसोटीला तो उतरत नाहीं. विशेष नवलाची गोष्ट अशी कीं, ज्या एका पाश्चात्त्य चिकित्सापद्धतीचा सारा भर रोग्यानें पालथें पडावें आणि चिकित्सकानें आपल्या हातांनीं त्याचा कणा नीट करावा यावर होता, तिचेच अनेक अनुयायी आज रोग्याला "उठा, चाला, व्यायाम करा" असें सांगूं लागले आहेत. या पद्धतीचें नांव कायरोप्रॅक्टिक. तिच्यांत हा पालट कसा घडला, त्याला आधार कोणता, आणि त्यांतून आपणांस घेण्यासारखें काय आहे, हें आज सांगावयाचें योजिलें आहे.

प्रथम नांवाचा अर्थ पाहूं. ग्रीक भाषेंतील हात आणि क्रिया या अर्थांचे दोन शब्द जोडून हें नांव बनविलें आहे. म्हणजे आपण त्याला हस्तचिकित्सा म्हणूं शकूं. या पद्धतीचा जनक डॅनिएल डेव्हिड पामर हा होय. तो १८४५ सालीं कॅनडांतील ऑन्टॅरिओ प्रांतांत जन्मला. पुढें अमेरिकेंत येऊन त्यानें शाळेंत मुलें शिकविलीं, वाणसामानाचें दुकान घातलें, आणि अखेरीस मिसिसिपी नदीच्या कांठीं आयोवा संस्थानांतील डॅव्हेनपोर्ट या शहरीं तो हाताच्या 'चुंबकशक्तीनें' रोग बरे करूं लागला. १८९५ सालच्या सप्टेंबरांत हार्वे लिलार्ड नांवाचा एक झाडलोट करणारा मनुष्य त्याच्याकडे आला. त्याला ऐकूं कमी येत असे. पामरनें त्याच्या पाठींतील वर आलेला एक मणका दाबला, आणि त्याला ऐकूं येऊं लागलें, असें पामरचें सांगणें होतें. या एका अनुभवावरून त्यानें सिद्धान्त काढला तो असा कीं, शेंकडा ९५ रोग मणके जागचे सरकून मज्जातंतूंवर दाब पडल्यामुळें होतात. १८९७ सालीं त्यानें ही विद्या शिकविणारी शाळाही काढली.

शरीरशास्त्राची तोंडओळख असलेल्या कोणालाही येथें शंका येईल. कानाकडे जाणारा श्रवणतंतु मेंदूंतून निघून कवटीच्या आंतूनच कानाला पोंचतो; पाठीच्या मणक्यांशीं त्याचा संबंध येत नाहीं. सर्व रोगांचें मूळ सरकलेल्या मणक्यांत आहे, या मताला पुढील सव्वाशें वर्षांत पुरावा मिळाला नाहीं. १९०६ सालीं परवान्यावांचून वैद्यकी केल्याबद्दल पामरला तुरुंगांतही जावें लागलें. तथापि रोग्यांचा लोंढा थांबला नाहीं. १९१३ सालीं कॅन्सस संस्थानानें या धंद्याला प्रथम कायद्यानें मान्यता दिली. शेवटचें लुइझियाना संस्थान, तें १९७४ सालीं वळलें. मध्यंतरींच्या काळांत अमेरिकन डॉक्टरांच्या संघानें या लोकांवर बहिष्कार घातला होता, आणि तो अन्यायाचा आहे असा निकाल शिकागो येथील न्यायालयानें १९८७ सालीं दिला.

नभोवाणीच्या श्रोत्यांना आवडेल अशी एक गोष्ट येथें जातां जातां सांगतों. पामरचा मुलगा बी. जे. पामर हा मोठा खटपटी गृहस्थ होता. त्यानें १९२२ सालीं डॅव्हेनपोर्ट येथें डब्ल्यू. ओ. सी. हें नभोवाणीकेंद्र विकत घेतलें आणि त्यावरून आपल्या विद्येचा डांगोरा पिटला. पुढें अमेरिकेचे अध्यक्ष झालेले रोनाल्ड रेगन यांनीं १९३२ सालीं निवेदकाची नोकरी प्रथम धरली ती याच केंद्रावर. मणक्यांच्या वैद्यानें जाहिरातीचें मर्म असें लवकर ओळखलें होतें. प्रमाणाचें मर्म ओळखण्यास मात्र त्याच्या शिष्यांना बराच काळ लागला.

आतां असा प्रश्न येईल कीं, सिद्धान्त जर खरा नाहीं, तर रोग्यांना बरें कां वाटतें? पाठदुखीपुरतें बोलावयाचें तर त्यांना बरें वाटतें हें खोटें नाहीं. सांधा एका विशिष्ट दिशेनें झटकन् ताणला असतां 'कट्' असा आवाज होतो. पुष्कळांना वाटतें कीं, हा सरकलेलें हाड जाग्यावर बसल्याचा आवाज आहे. तसें नाहीं. सांध्यांत जो स्निग्ध द्रव असतो, त्यांत ताणामुळें क्षणार्धांत पोकळी उत्पन्न होते. २०१५ सालीं कॅनडांतील अल्बर्टा विद्यापीठांत बोटांचे सांधे चुंबकीय प्रतिमायंत्रांत ताणून हा क्षण चित्रांत पकडण्यांत आला. हाड सरकत नाहीं. पण आखडलेले स्नायु कांहीं काळ सैल पडतात, वेदनेची जाणीव थोडी बोथट होते, आणि कोणीतरी आपल्याकडे लक्षपूर्वक पाहिलें याचाही मनाला आधार वाटतो. हा आराम साधारण मध्यम प्रतीचा असतो, आणि बहुधा तात्पुरता असतो. येथेंच खरा पेंच आहे. आराम संपला कीं रोगी पुन्हां येणार. पुन्हां आवाज, पुन्हां आराम, पुन्हां फी. हें चक्र कोठें थांबवावयाचें?

याचें उत्तर समजण्यासाठीं कण्याची रचना थोडी लक्षांत घेतली पाहिजे. बालपणीं कण्यांत ३३ मणके असतात. त्यांपैकीं खालचे ९ वयाबरोबर एकमेकांस जुळतात आणि २४ हलते राहतात: मानेचे ७, छातीमागचे १२ आणि कंबरेचे ५. या हलत्या मणक्यांमध्यें लवचिक चकत्या बसविलेल्या आहेत. मोठेपणीं या चकत्यांना स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. शेजारच्या हाडांतून जें पोषण झिरपत येईल त्यावर त्यांना निर्वाह करावा लागतो. दिवसां आपल्या भारानें त्यांतील पाणी थोडें बाहेर पडतें, रात्रीं निजल्यावर तें परत शोषलें जातें. आणि म्हणूनच सकाळीं आपली उंची संध्याकाळपेक्षां सुमारें एक सेंटिमीटरानें अधिक भरते. पाठीला आधार देणारे स्नायु तर वापराविना झपाट्यानें क्षीण होतात. अंथरुणाला खिळलेल्या मनुष्याचे पाय काठीसारखे होतात हें आपण डोळ्यांनीं पाहतों. पाठीचे स्नायु दिसत नाहींत, इतकाच फरक. सारांश, भार आणि विसांवा, ताण आणि सैलपणा यांच्या आळीपाळीसाठींच हें यंत्र घडलेलें आहे.

मग पडून राहण्यानें गुण येतो कीं अवगुण? याची परीक्षा झालेली आहे. अमेरिकेंत १९८६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत पाठदुखीच्या २०३ रोग्यांपैकीं कांहींना दोन दिवस व कांहींना सात दिवस अंथरुणांत राहण्यास सांगितलें. दोन दिवसवाल्यांचें कामावरील गैरहजेरीचें प्रमाण शेंकडा ४५ नीं कमी भरलें, आणि इतर कोणत्याही बाबतींत त्यांचें नुकसान झालें नाहीं. १९९५ सालीं फिनलंडमधील हेलसिंकी शहराच्या १८६ नोकरांवर याहून पुढचा प्रयोग झाला. एका गटाला दोन दिवस अंथरूण, दुसऱ्याला पाठीचे विशेष व्यायाम, आणि तिसऱ्याला केवळ एवढेंच सांगितलें कीं, सोसेल तितपत रोजचे व्यवहार चालूं ठेवा. सर्वांत लवकर बरा झाला तो तिसरा गट. येथें लक्षांत ठेवण्यासारखी गोष्ट ही कीं, दुखणें ऐन भरांत असतांना कवायतीची जरुरी नव्हती; जरुरी होती ती माणसासारखें वावरत राहण्याची.

व्यायामाचें खरें राज्य सुरू होतें तें दुखणें ओसरल्यावर. पाठदुखीची खोड अशी कीं, ती बरी होते व पुन्हां उलटते. ऑस्ट्रेलियांत सिडनी येथील मॅक्वारी विद्यापीठाच्या संशोधकांनीं नुकत्याच बऱ्या झालेल्या ७०१ स्त्रीपुरुषांना घेऊन एक प्रयोग केला, तो २०२४ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांतील निम्म्यांना शारीरिक उपचारतज्ज्ञांनीं प्रत्येकाच्या ताकदीप्रमाणें चालण्याचा क्रम आंखून दिला, आणि पाठीविषयीं चार गोष्टी समजावून सांगितल्या. बाकीच्यांना कांहींच दिलें नाहीं. दुखणें उलटण्यास दुसऱ्या गटांत मध्यमानानें ११२ दिवस लागले, तर चालणाऱ्यांना २०८. चालण्याला यंत्र लागत नाहीं, फी लागत नाहीं, आणि शिकविणाराही फार दिवस लागत नाहीं.

या ज्ञानाचा ओघ कायरोप्रॅक्टिकच्या अंगणांत कसा शिरला, याचें उत्तम उदाहरण डेन्मार्क देशांत पाहावयास मिळतें. त्या देशांत हे चिकित्सक सरकारमान्य आरोग्यसेवेचाच एक भाग आहेत. ओडेन्स शहरांतील विद्यापीठांत १९९४ सालापासून त्यांचें शिक्षण वैद्यकाच्या विद्यार्थ्यांच्या बरोबरीनें चालतें. शरीरशास्त्राचा बाक एकच. असें शिक्षण घेतलेल्या मनुष्याला "सर्व रोगांचें मूळ मणक्यांत" हें वचन पचणें कठीणच. याच ओडेन्समधील प्राध्यापक यान हार्टविग्सेन हे मूळचे कायरोप्रॅक्टर. त्यांनीं इतर देशांच्या संशोधकांसमवेत २०१८ सालीं 'लॅन्सेट' या विख्यात वैद्यकीय पत्रांत पाठदुखीवर लेखमाला लिहिली. तिचा मथितार्थ असा कीं, जगांत पाठदुखीवर छायाचित्रें, गोळ्या, सुया आणि शस्त्रक्रिया यांचा वारेमाप उपयोग होतो, आणि रोग्याला चालतें-फिरतें ठेवण्याचा साधा उपदेश मात्र मागें पडतो.

ही मंडळी उपदेशावर थांबलीं नाहींत. त्यांनीं 'ग्लॅड बॅक' नांवाचा एक पाठक्रम तयार केला. त्यांत रोग्याला दोन व्याख्यानें ऐकावयाचीं असतात आणि आठवड्यांतून दोनदां याप्रमाणें आठ आठवडे देखरेखीखालीं व्यायाम करावयाचा असतो. कायरोप्रॅक्टर व शारीरिक उपचारतज्ज्ञ, दोघेही तो चालवितात. रोग्यानें आपल्या पाठीवरचा विश्वास परत मिळवावा आणि दुखणें आलें तर स्वतःच तें कसें आवरावें हें शिकावें, हा त्याचा हेतु.

व्यायामाचा उपदेश करणें सोपें आहे. रोग्याकडून तो पाळला जाणें कठीण आहे. याचें मोठें कारण भीति होय. वांकलें असतां कळ येते, म्हणून मनुष्य वांकणें सोडतो; वांकणें सोडल्यानें स्नायु आखडतात; आखडल्यानें पुढच्या वेळीं कळ अधिक येते. अशा रोग्याला "तुमचा मणका सरकला आहे," "तुमची चकती झिजली आहे," असें कोणी सांगितलें म्हणजे तर तो आपल्या पाठीला कांचेचें भांडें समजूं लागतो. जाणता चिकित्सक येथें शब्द जपून वापरतो. दुखतें याचा अर्थ तेथें इजा होत आहे असा प्रत्येक वेळीं नसतो, हें तो प्रथम पटवितो. नंतर तो रोग्याला विचारतो कीं, पाठ नीट असती तर आपण काय केलें असतें? कोणी म्हणतो नातवाला उचलून घेतलें असतें, कोणी म्हणतो बाजारांतून पिशवी आणली असती. मग तें ध्येय धरून तो पायऱ्या आंखतो: या आठवड्यांत रोज दहा मिनिटें चालणें, पुढच्या आठवड्यांत पंधरा. नुसतें "व्यायाम करीत जा" म्हणण्यापेक्षां "सकाळीं चहानंतर कोपऱ्यापर्यंत दोनदां जाऊन या" हें सांगणें अधिक फळतें. आणि पुढच्या भेटींत तो त्याची चौकशी करतो. ही चौकशीच अर्धें औषध होय. डॉक्टरांना रोग्यासाठीं पांच मिनिटें मिळण्याची मारामार. या चिकित्सकाकडे रोगी महिन्यांतून अनेक वेळां येतो, आणि हाताच्या स्पर्शानें त्याचा विश्वासही बसलेला असतो. ही संधि मोठी आहे.

परंतु या संधीच्या पोटांतच मोह आहे, तो झांकून चालणार नाहीं. रोगी स्वतःच्या पायांवर उभा राहिला तर चिकित्सकाचें उत्पन्न घटतें. म्हणून अजूनही असे कायरोप्रॅक्टर आहेत कीं, जे कांहीं दुखत नसतांही महिनेच्या महिने ठराविक भेटींचा रतीब लावून देतात आणि जुना सिद्धान्त उगाळीत बसतात. मीं उभा जन्म शिक्षकाचा धंदा केला, म्हणून त्याच धंद्यांतला दाखला देतों. जो मास्तर मुलाला दर इयत्तेंत शिकवणी लावावी लागेल असें शिकवितो, त्याची प्राप्ति चांगली होत असेल. परंतु मुलाला स्वतः पुस्तक उघडून वाचतां येऊं लागलें म्हणजेच मास्तरचें काम झालें. चिकित्सकाचीही हीच परीक्षा आहे. सहा आठवड्यांनंतर आपल्याला त्याची गरज कमी भासते कीं अधिक, हें रोग्यानें स्वतःस विचारावें.

जागतिक आरोग्य संघटनेनें २०२३ सालच्या डिसेंबरांत जुनाट पाठदुखीविषयीं जी मार्गदर्शिका काढली, तिनें हा हिशेब नीट मांडला आहे. शिक्षण, पद्धतशीर व्यायाम, मनाच्या सवयी बदलणारे उपचार, आणि त्यांच्या जोडीला कण्याची हस्तचिकित्सा व मर्दन यांना तिनें जागा दिली आहे. उलट कंबरपट्टे, वजनें लावून ओढणें आणि अफूच्या वर्गांतील वेदनाशामक गोळ्या हे उपाय सरसकट करूं नयेत असें सांगितलें आहे. इंग्लंडमधील २०१६ सालच्या मार्गदर्शिकेचें म्हणणें तर याहून नेमकें आहे: हस्तचिकित्सा द्यावयाची तर ती व्यायामाच्या जोडीनेंच द्यावी, एकटी नव्हे. ही गोष्ट किती माणसांच्या उपयोगाची आहे, याची कल्पना एका आंकड्यावरून येईल. २०२० सालीं जगांत ६१ कोटी ९० लक्ष लोक कंबरदुखीनें पीडित होते, असा अंदाज आहे.

अमेरिकन वैद्यांच्या महाविद्यालयानें २०१७ सालीं जुनाट पाठदुखीसाठीं जे उपाय सुचविले, त्यांत योगाचेंही नांव आहे. योगक्रियांची आधुनिक साधनांनीं तपासणी करण्याचें काम स्वामी कुवलयानंदांनीं लोणावळ्याच्या कैवल्यधामांत १९२४ सालींच सुरू केलें होतें, हें महाराष्ट्रीय श्रोत्यांस ठाऊक असेलच. मात्र दुखऱ्या पाठीनें पुस्तक समोर धरून अवघड आसनांस हात घालूं नये. जाणत्याच्या देखरेखीखालीं सोप्यापासून आरंभ करावा.

आतां घरच्या उपयोगाच्या चार गोष्टी. पाठ धरली तर पहिला एखादा दिवस सोयीस्कर रीतीनें पडावें, शेक घ्यावा. परंतु मधून मधून उठून घरांत फिरावें, आणि शक्य तितक्या लवकर नेहमींच्या कामाला लागावें. दुखणें थोडें वाढलें तरी दुसऱ्या दिवशीं पूर्ववत् होत असेल तर घाबरूं नये. बरें वाटल्यावर चालण्याचा नेम धरावा. प्रौढ माणसानें आठवड्यांत १५० ते ३०० मिनिटें मध्यम प्रतीचे श्रम करावे, निदान दोन दिवस स्नायु बळकट करणारा व्यायाम करावा, आणि पासष्टीपुढील माणसांनीं तीन दिवस तोल सांभाळण्याचा व शक्तीचा सराव करावा, असें जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं सांगितलें आहे. ज्यांना इतकें जमत नाहीं त्यांनीं खचूं नये. कांहीं नसण्यापेक्षां थोडें असणें केव्हांही बरें.

याबरोबरच धोक्याच्या खुणाही पाठ कराव्या. पाठदुखीबरोबर लघवी-शौचावरचा ताबा जाणें, मांड्यांच्या मध्यभागीं बधिरपणा येणें, पायांतील शक्ति कमी होत जाणें, ताप येणें, कारणाशिवाय वजन घटणें, पूर्वीं कर्करोग झालेला असणें, अथवा पडल्यावर दुखणें सुरू होणें, यांपैकीं कांहींही असल्यास व्यायामही नको आणि हस्तचिकित्साही नको, आधीं डॉक्टर. वृद्ध व ठिसूळ हाडांच्या माणसांच्या पाठीवर झटका देऊं नये. मानेला झटका देण्याच्या क्रियेनंतर क्वचित् मानेंतील रक्तवाहिनी फाटून पक्षाघात झाल्याचीं उदाहरणें नमूद आहेत. म्हणून मान कोणाच्याही हातीं देण्यापूर्वीं त्याचें शिक्षण विचारण्यांत संकोच धरूं नये. केशकर्तनालयांत मान कडकडां मोडून घेण्याची हौस तर सोडून द्यावी हेंच बरें.

तात्पर्य, हातांचें काम हात करतील. आखडलेला सांधा सैल करणें, धीर देणें, मार्ग दाखविणें, एवढें चांगला चिकित्सक करूं शकतो, आणि तेंही थोडें नाहीं. परंतु त्यानें मोकळी करून दिलेली पाठ मोकळी ठेवणें हें ज्याचें त्यानेंच करावयाचें असतें, आणि त्यासाठीं रोजचीं अर्धा तास पावलें मोजावीं लागतात. आपल्या घरांत कोणी वडीलधारें माणूस पाठ धरून पडलें असेल, तर त्यांच्या उशाशीं औषध ठेवून "उठूं नका" म्हणण्याऐवजीं आपला हात पुढें करावा, आणि त्यांच्याबरोबर चार पावलें चालावें.